तिसऱ्या रविवारची हरकत

शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत कृपाबाईंच्या जिभेला पाळकसाहेबसुद्धा वचकून असत. बाई मनाने वाईट नव्हती. विधवा, मूलबाळ नाही, दवाखान्यात आयाचं काम आणि चार घरी बसायची सवय. ऐकलेलं पोटात राहत नसे, एवढंच. पण या एवढ्यानेच एलिझाबेथचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाच्या घराबद्दल कृपाबाई जे बोलल्या ते खोटं निघालं, तोवर मुलगा दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला होता.

पंचांनी कृपाबाईंना वर्षभर प्रभुभोजनातून काढलं. भाकर आणि प्याला शेजारणीच्या हातून पुढे जायचा आणि कृपाबाई मांडीवर हात ठेवून खाली बघत बसायच्या. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही, त्यांना यात काय मोठंसं असं वाटेल. पण त्या बाईला मंडळीखेरीज दुसरं होतं कोण?

ईस्टरला त्यांना परत घेतलं. पाळकसाहेबांनी समोर बसवून सांगितलं, "देवाने जीभ स्तुतीला दिली. तिनेच माणसांना जाळायचं नाही. कुणाचं काही खटकलं, तर आधी त्याला एकट्याला गाठा. त्याच्या तोंडावर सांगा, तिसऱ्याच्या कानावर घालू नका." मग म्हणाले, "आणि पुन्हा तक्रार आली, तर मंडळीत तुमची जागा नाही."

त्याच उन्हाळ्यात योसेफ मास्तरांच्या हेलनचं दौंडच्या पीटरशी ठरलं. पीटर रेल्वेत, मालधक्क्यावर क्लार्क होता. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात सूचना वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर उठून सांगा असं विचारतात. पहिले दोन रविवार विचारून झालं तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप कृपाबाईंकडे वळल्या. बाई गप्प होत्या. त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतंच.

दुसऱ्या रविवारनंतर त्या दौंडला भावाकडे, अब्राहामकडे गेल्या. दुपारी मालधक्क्याच्या मागच्या वाटेने येताना समोरून पीटर आला, हसला, आणि हसता हसताच कोसळला. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला. आसपास कुणी नव्हतं. दवाखान्यात फेफऱ्याचे रोगी त्यांनी पाहिले होते. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली आणि डोक्याखाली पदराची घडी धरून बसल्या.

पीटर शुद्धीवर आला. झटका येऊन गेला याचं त्याला काही वाटलं नसावं. पण आपल्याला पाहणारी कोण, हे ओळखल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कवापासनं हाय हे?" कृपाबाईंनी विचारलं.

"लहानपणापासून. वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी."

"हापिसात ठाव हाय?"

"कळलं तर त्याच दिवशी घरी बसवतील, मावशी. घरात आई आणि दोन बहिणी आहेत."

"आन् हेलनला?"

पीटर कॉलरचं बटण लावू लागला.

कृपाबाईंना असा संताप आला की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "तिला न सांगता वचन घ्यायला निघालास व्हय? सायबाला सांग न्हाईतर नगं सांगू, त्ये तुझं तू बघ. पर ज्या पोरीला जलमभर तुझ्याजवळ बसायचंय, तिला तूच सांगायचं. त्वांडावर."

पीटर म्हणाला, "शनिवारी शिरूरला येतो, सांगतो. ती हो म्हणाली तर रविवारी मी देवळात पुढच्या बाकावर दिसेन. नाही दिसलो, तर माझ्याच्याने झालं नाही असं समजा. तुम्ही उठून बोला. पण तोवर कुणाला..."

"तोवर मी मेले," कृपाबाई म्हणाल्या.

परतीच्या एस.टी.त न्हावऱ्याला कुशाबाई चढल्या. याही आमच्याच मंडळीतल्या, घर कृपाबाईंच्या घराला लागूनच. शेजारी बसल्या बसल्या विचारलं, "दौंडाहून येतीस न्हवं? मास्तरांचा जावई दिसला का?"

"दिसला."

"कसा हाय?"

कृपाबाईंनी खिडकीबाहेर कांद्याची वावरं पाहिली. सगळं ओठांपर्यंत आलं होतं. एवढी पक्की, डोळ्यांनी बघितलेली बातमी जन्मात त्यांच्या हाती लागली नव्हती.

"उंच हाय," त्या म्हणाल्या.

"आन्?"

"आन् काय? उंच हाय."

कुशाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी कृपाबाई सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसल्या. पुढचा बाक रिकामा होता. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली, बाक रिकामाच. बायकांच्या बाजूला, आईजवळ बसलेल्या हेलनच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पोरगी शनिवारी रडली असेल की आनंदात झोपली असेल? उठून बोललं तर पीटरची नोकरी जाणार, कारण देवळात बोललेलं संध्याकाळच्या गाडीने दौंडला पोचतं. न बोललं तर हेलन डोळे बांधून खड्ड्यात जाणार. बोलायची मोकळीक तर त्यानेच दिली होती.

पाळकसाहेबांनी सूचना वाचली. "हे तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो. कुणाची काही हरकत?"

माना वळल्या. कृपाबाई उठून उभ्या राहिल्या.

मास्तरांच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. कुणीतरी "आलीच शेवटी" असं पुटपुटलं. कृपाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मग बाकातून बाहेर पडून, सगळ्या मंडळीसमोरून चालत त्या हेलनपाशी गेल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"पीटरनं तुला काही सांगितलं?"

"काल सांगितलं," हेलन ओठ न हलवता म्हणाली. "आज ड्युटी लागली म्हणून येता आलं नाही."

"समदं सांगितलं?"

"सगळं. तुमच्या पदरावर शुद्धीवर आलो, तेसुद्धा. मी हो म्हटलंय, मावशी."

"कृपाबाई," पाळकसाहेबांचा आवाज चढला होता, "तुमची हरकत आहे का?"

"न्हाई," कृपाबाई म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. जीव भांड्यात पडला होता. पुढच्या उपदेशातलं एक अक्षर त्यांना ऐकू आलं नाही.

उपासना संपल्यावर त्यांना देवळामागच्या खोलीत बोलावलं. पाळकसाहेब, पंच सावळाराम आणि मास्तर. हेलन दाराशी उभी होती, बाहेर अर्धी मंडळी कान लावून.

"माझ्या मुलीच्या कानात काय ओतलंत?" मास्तरांनी विचारलं. "चारचौघांत तिची शोभा केलीत. काय ते आमच्यासमोर बोला."

"काही वंगाळ न्हाई, मास्तर."

"मग सांगा की," सावळाराम म्हणाले. "एरवी न विचारता सांगता."

"न्हाई सांगणार."

पाळकसाहेब त्यातल्या त्यात शांत होते. "बाई, आज बोलावंच लागेल. नाही बोललात तर जुनीच खोड समजून पंचांना निर्णय घ्यावा लागेल. पुढच्या प्रभुभोजनाला तुम्हाला बसता येणार नाही. त्याच्या पुढचंही मला सांगता येत नाही."

एक वाक्य पुरे होतं. ते बोललं असतं तर याच खोलीत सगळ्यांनी त्यांना शाबासकी देऊन बसवलं असतं. भीती वाटली, रडू आलं, आणि रागही आला. गप्प बस म्हणून ज्यांनी वर्षभर बाहेर बसवलं, तेच आता बोल म्हणून बाहेर काढायला निघाले होते.

"बाबा," दारातून हेलनने सुरुवात केली, "त्यांनी मला फक्त..."

"हेलन, त्वांड मीट," कृपाबाई ओरडल्या.

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. "माझ्यादेखत माझ्या पोरीला दम देते."

पाळकसाहेबांनी मान हलवली. "ईस्टरला मी तुम्हाला काय शिकवलं होतं, बाई?"

"त्येच करतीया, पाळकसाहेब."

त्यांना ते उद्धट वाटलं. त्यांनी सावळारामांकडे पाहिलं, सावळारामांनी मान डोलावली आणि निर्णय झाला. कृपाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, सलाम केला आणि त्या बाहेर आल्या. लोकांनी वाट दिली, जरा जास्तच रुंद.

त्या रुंद वाटेतून हेलन मागोमाग आली. तोंडातून अक्षर न काढता तिने कृपाबाईंचा हात धरला. मास्तरांनी दोनदा हाक मारली. बाजारपेठेतून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून कृपाबाईंच्या घरापर्यंत तिने तो हात सोडला नाही.