कुलपातल्या कमोडला ऐकू आलेल्या गोष्टी

मित्रांनो, मी एक जुना कमोड आहे.

हसून घ्या. मी थांबतो. थांबण्याची मला सवय आहे.

झालं? तर मी जुना आहे तो वयाने. वापराने म्हणाल, तर कित्येक वर्षं मी नवाकोराच होतो, आणि तेच माझं दुःख.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. आम्ही सगळी भावंडं एकाच साच्यातली, त्यामुळे हा कुणावर गेलाय, असं आमच्यात कुणी विचारत नाही. माझी भावंडं मोठमोठ्या हॉटेलांत गेली. एक तर पुण्यात बाराव्या मजल्यावर राहतो म्हणे. मी मात्र पेंढ्यात गुंडाळून, ट्रकमध्ये हिंदकळत जत तालुक्यात आलो. कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेली एक वाडी, आणि वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा. वाटभर मी रुसलो होतो. पण मला उतरवून घेताना ग्रामसेवक म्हणाले, "संभाळून रं. ज्या पोरांना उकिडवं बसता येत नाही, त्यांच्यासाठी आहे हे." ते ऐकून माझी छाती फुगली. चिनीमातीला छाती फुगवता येत नाही, पण वाटलं तसं.

ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून मला स्वतंत्र खोली बांधून दिली. बाहेर उतार, आत भिंतीला धरायला लोखंडी दांडा. तेव्हाचे सरपंच लालासाहेब यांनी फीत कापली. नारळ फोडायला दगड सापडेना, म्हणून उत्साहाच्या भरात त्यांनी तो माझ्यावरच आपटला. नारळ फुटला नाही. माझा टवका उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले, आणि मुख्याध्यापक नानासो गुरुजींनी दाराला कुलूप घातलं.

मला वाटलं, उद्या रविवार असेल.

तो रविवार काही संपला नाही. गुरुजी वाईट नव्हते हो. वाडीत पाणी टँकरचं. पोरं घाण करतील, आणि नेमके त्याच दिवशी साहेब तपासणीला येतील, ही त्यांची भीती. साहेब आले की कुलूप निघायचं. साहेब माझ्याकडे बघायचे, मी साहेबांकडे बघायचो. फोटो निघायचा. पुन्हा कुलूप. एका वर्षी तर आमच्या शाळेला सर्वांत स्वच्छ स्वच्छतागृहाचं प्रशस्तिपत्र मिळालं. स्वच्छ असणारच. कुणी आलंच नाही तर घाण करणार कोण, मी?

ते प्रशस्तिपत्र काचेत घालून माझ्याच टाकीवर ठेवलं. मग शेजारी खो-खोची ढाल आली, लेझिमी आल्या, आणि स्नेहसंमेलनातला कागदाच्या लगद्याचा सिंह आला. दसऱ्याला आम्हा दोघांत मिळून झेंडूची एक माळ पडायची. सिंहाला मोठा वाटा.

एकच सुख होतं. माझ्या भिंतीपलीकडे वर्ग होता. सकाळी तिथे पाढे आणि भागाकार चालत. खिचडी खाऊन झाली की गुरुजी गोष्ट सांगत. गोष्ट त्यांच्या मनाची असे आणि आठवडाभर चाले. मी कान लावून ऐकायचो. मला कान नाहीत, हे मला माहीत आहे.

मग शाळेत संयोगिता आली. तिच्या पायांत बळ नव्हतं. तिची आजी बनुबाई तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवायची आणि सायकल ढकलत आणायची. शाळेच्या आत-बाहेर ती कुबड्यांवर करायची. सगळ्यांचं शौचालय होतं, पण तिथे उकिडवं बसावं लागे, ते तिला जमत नसे. माझ्या दाराला कुलूप. म्हणून ती सकाळी पाणी पीत नसे आणि खिचडीची घंटा झाली की आजीबरोबर घरी जात असे. परत येणं काही होत नसे.

म्हणजे मित्रांनो, तिच्या वाट्याला शाळेतलं सगळं गणित आलं आणि एकही गोष्ट आली नाही. तिला एकोणतीसचा पाढा यायचा. चित्राचा तास, गाण्याचा तास, गोष्ट, सगळं दुपारी.

दुसऱ्या दिवशी ती वर्गातल्या सूरजला गाठायची. माझ्या दाराशी उतारावर बसून दोघं बोलत.

"काल काय झालं रं गोष्टीत?"

"मेंढरू हाय का? ते सरपंचकीला उभं ऱ्हायलं."

"आन् मग?"

"मग परचार केला."

"आन् मग?"

सूरज पुष्कळ विचार करी. "मग घंटा झाली."

त्याच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट तोच. राक्षस मरायच्या आधी घंटा, राजकन्या सापडायच्या आधी घंटा. दारापलीकडे संयोगिता उसासा टाकायची, आणि अलीकडे मी, सगळे शेवट तोंडपाठ असलेला, टाकीवर सिंह घेऊन गप्प बसलेलो. अगं, आत ये, असं मला किती वाटायचं! एका हाताचं अंतर. मध्ये दार.

ती चौथीत गेली आणि बनुबाईचे गुडघे गेले. शाळेच्या पटांगणात पाण्याच्या टंचाईवर ग्रामसभा भरली होती, तेव्हा बनुबाई लंगडत आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"गुरुजी, पोरीचं नाव काढा."

गुरुजी दचकले. "अहो बनुबाई, हुशार मुलगी आहे ती!"

"आसंल. पर माज्यानं भर उनातली दुपारची खेप व्हत न्हाई आता. एक तर दीसभर शाळा, न्हाईतर घरी. अर्धी शाळा मला पेलंना."

तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला.

"काढा नाव," संयोगिता म्हणाली. "पर त्या मेंढराचं काय झालं, तेवडं सांगा मला. मग जाती."

"सोपं हाय की," लालासाहेब म्हणाले. "मेंढरू बिनविरोध आलं. आमचं पोरगं सांगत हुतं."

"आवं न्हाई," मागून कुणीतरी ओरडलं, "डिपॉझिट गेलं त्याचं!"

"कापलं त्याला. आयतवारी."

"कापलं कसं? आचारसंहिता हुती!"

गुरुजी दर वर्षी शेवट बदलत असत, हे गावाला ठाऊक नव्हतं. पाण्याचा विषय बाजूला राहिला आणि अख्खी ग्रामसभा मेंढरावर भांडू लागली. लालासाहेब तर फेरमतमोजणी मागू लागले.

"बास!" नव्या सरपंच राजेश्वरीताई उठल्या. "साऱ्या गावाला शेवट ठावा हाय, आन् शाळेत येणाऱ्या पोरीलाच न्हाई. का?"

सूरजनं बोट केलं. "त्ये कुलूप हाय म्हणून."

सगळं गाव माझ्या दाराकडे बघू लागलं. ते मला आतूनही जाणवलं.

"पाणी नाही हो ताई," गुरुजी पुटपुटले. "खराब होईल म्हणून…"

"मेंढरांना प्यायला पाणी न्हाई," लालासाहेब म्हणाले, "आन् संडासात वतायचं?"

"आवं लालासाहेब, तुमची मोटारसायकल रोज आंगूळ करती. ती कितवीत हाय?" राजेश्वरीताईंनी विचारलं.

पोरं हसली, मग बायका हसल्या, मग नाइलाजाने लालासाहेबही.

तिथल्या तिथे ठराव झाला. टँकर आला की पहिलं पाणी शाळेच्या टाकीत. साफसफाई ग्रामपंचायतीकडे. कुलूप रद्द.

"किल्ली द्या गुरुजी."

"गेल्या तपासणीनंतर किल्ली मी फार जपून ठेवली आहे."

"कुटं?"

"इतकी जपून, की आता आठवत नाही."

राजेश्वरीताईंनी लालासाहेबांकडे बघितलं. "फीत तुमी कापलीसा. दार उगडायचं तेवडं ऱ्हायलंय."

लालासाहेबांनी पहारीने कुलूप तोडलं. दार उघडलं आणि माझ्या अंगावर ऊन पडलं. साहेबांशिवाय आलेलं पहिलंच ऊन.

टँकर आला त्या दिवशी संयोगिता सकाळीच तांब्याभर पाणी प्यायली. बनुबाई दुपारी आली नाही. खिचडीनंतर पलीकडे गोष्ट सुरू झाली. खास तिच्यासाठी गुरुजींनी मेंढराची गोष्ट पहिल्यापासून घेतली होती. मध्येच कुबड्या वाजल्या. ती आत आली. सामान हलवलं होतं, सिंह तेवढा कोपऱ्यात राहिला होता. तिने आधी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. मग दांडा धरला, दाराला आतून कडी लावली.

आणि भिंतीपलीकडून सूरजचा आवाज आला. "गुरुजी, थांबा की. संयोगिता येऊ द्या."

गुरुजी थांबले. मेंढरू भाषणाला माईकपुढे उभं होतं, ते तसंच उभं राहिलं. इतकी वर्षं मी गोष्टी ऐकल्या, पण गोष्ट थांबल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आता ती पाचवीला पलीकडच्या गावातल्या मोठ्या शाळेत गेली आहे. माझ्याकडे दुसरी पोरं येतात. ग्रामपंचायतीची माणसं मला घासतात, पुसतात. माझा टवका अजून दिसतो. तरी दुपारी गोष्ट सुरू झाली की मला तिच्या कुबड्यांची आठवण येते. तिथेही माझा एखादा भाऊ असेल. त्याच्या टाकीवर ढाल तर नसेल ना?

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आम्हाला वापरा, पाणी टाका, स्वच्छ ठेवा. पण आम्ही स्वच्छ राहावं म्हणून आम्हाला कोंडू नका. तुमच्या शाळेत असं दार असेल तर उद्या ढकलून बघा. उघडलं नाही तर गुरुजींना विचारा, सरपंचांना विचारा, ग्रामसभेत विचारा. आणि आधी वर्गात बघा, दुपारी कुणाची जागा रिकामी असते.

ते मूल परत येईपर्यंत गोष्ट पुढे नेऊ नका.