सुपाकडं, पायलीकडं

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी काशीला आपल्या नवऱ्याच्या तोंडापेक्षा पाठीचीच ओळख जास्त होती. येसाजी मुंबईला कापडगिरणीत फिटर होता. गणपतीला आठ दिवस यायचा, शिमग्याला पाच. आला म्हणता म्हणता निघायचा दिवस उजाडायचा आणि बेलपाड्याच्या बांधावर उभी राहून काशी त्याची पाठ लहान लहान होत जाताना बघायची. मग घरात ती आणि सासू मनुबाई, चार बिघे भात, आणि ते भात भरडून सडून तांदूळ करायचं न संपणारं काम.

चौतीस साली येसाजी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला, तो चालत आला नाही. धरमतरच्या तरीवरून खाडी ओलांडून एक मोटार आणली त्याने. पुढे दोघांपुरती बैठक, मागे उघडा हौदा. टपाला भोक, एका दिव्याची काच गायब. आणि त्या मोटारीच्या मागोमाग, पोयनाडच्या कुणाची तरी बैलजोडी लावून, दुसरं धूड आलं: दोन चाकांच्या भक्कम गाड्यावर बसवलेलं घासलेटचं इंजिन आणि भात भरडायची लहानशी गिरण.

"ह्यो काय आनलास रे बाबा?" मनुबाई ओटीवरून ओरडली.

"भाताची गिरण, आये. गावोगाव न्यायची. बायांनी मुसळं हानायची न्हायत आता."

"आनि मुंबई?"

"मुंबई हाय तिथंच हाय," येसाजी म्हणाला आणि बैल सोडायला लागला.

काशी दारात उभी होती. तिला विचारायचं होतं, सुट्टी किती दिवसांची. पण माणूस एवढी दोन धुडं घेऊन आठ दिवसांसाठी येत नसतो, हे तिला दिसत होतं. कापडगिरण्यांत संप झाला होता, पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हेही कानावर आलं होतं. काम गेलं म्हणून आला, की आणखी कशासाठी? तिने चुलीवर पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी येसाजीने हौद्यातलं गोणपाट काढलं. हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांच्या बरोबर वर, परातीएवढी जाड लोखंडी तबकडी बसवलेली होती. मुंबईत घोड्यांच्या गाड्या मोडीत निघत होत्या. तसल्याच एका गाडीची पुढची चाकं ज्या तबकडीवर वळायची ती त्याने उचलली होती, तिला मागच्या अंगाने एक खाच पाडली होती, आणि खाचेच्या तोंडाशी आपोआप पडणारा आकडा लावला होता. गिरणीच्या गाड्याला पुढे लांब मान होती, मानेच्या टोकाखाली अंगठ्याच्या तिप्पट जाडीचा खुंटा.

"मान टेकूवर उभी ऱ्हाते," तो काशीला समजावत होता. लग्नानंतर इतका वेळ तो तिच्याशी एका दमात कधी बोलला नव्हता. "मोटार मागं मागं आनायची. खुंटा खाचेत गेला की आकडा पडतो, खट्. मग टेकू काढायचा. दोरानं मागं बांधली तर गाडी म्हशीच्या शेपटीवानी हालते, उतारावर अंगावर येते. मोटारीच्या पाठीवर घेतली की मुकाट चालते."

"मग घ्या की पाठीवर."

"तेच तर. मला पुढं बसून खुंटा दिसत न्हाय. तू मागं उभी ऱ्हा नि सांग."

काशी पदर खोचून उभी राहिली. मोटार गुरगुरत मागे यायला लागली. खुंटा खाचेपासून वीतभर बाजूला होता.

"डावीकडं घ्या!"

मोटार भलतीकडेच गेली.

"अवो, डावीकडं!"

"डावीकडंच घेतली!"

"माजी डावी!"

"तुजी डावी मला काय म्हाईत? तू माज्याकडं तोंड करून उभी हायस!"

"मग काय पाठ करून उभी ऱ्हाऊ?"

खुंटा खाच सोडून हौद्याच्या फळीत घुसला. फळी कडाडली. येसाजी खाली उतरला, फळीकडे बघितलं, मग काशीकडे. "तोंड हाय ना तुला? नीट सांगता येत न्हाय?" काशीने पदर सोडला आणि तडक घरात गेली. मनुबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. "अठरा वर्सांत भांडाया मिळालं न्हाय दोघांना," ती स्वतःशीच म्हणाली, "आता घ्या भांडून."

तीन दिवस असंच चाललं. मोटार अंगणात मागेपुढे होत राहिली, तुळशीवृंदावनाचा एक कोपरा गेला, शेजारपाजारची माणसं बघायला जमायला लागली. मग काशीनेच एक तोड काढली. डावं-उजवं हेच भांडणाचं मूळ आहे, तर ते काढूनच टाकू. सुरुवातीला ती "विहिरीकडं" आणि "गोठ्याकडं" म्हणायला लागली, आणि खरोखरच दुसऱ्या खेपेला खुंटा खाचेच्या तोंडाशी आला. पण येसाजी म्हणाला, "दुसऱ्या गावात विहीर कुठं न्यायची?"

काशी आत गेली आणि दोन वस्तू घेऊन आली. गाड्याच्या एका अंगाला जमिनीवर सूप ठेवलं, दुसऱ्या अंगाला भात मोजायची पायली.

"हे तर संगती येनारच हाय ना?" तिने विचारलं. "बसा आत. सूप कुठं, पायली कुठं, एकदा बघून घ्या."

येसाजीने मान वळवून बघितलं आणि मोटार चालू केली.

"सुपाकडं… आनखी सुपाकडं… बास. आता सरळ. थोडं पायलीकडं… येऊ द्या, येऊ द्या…"

खट्.

आकडा पडला तो आवाज काशीला पायातून जाणवला. येसाजी उतरून मागे आला, वाकून बघितलं आणि उभा राहिला. हसला. त्याच्या डाव्या गालाला हसताना खळी पडते हे काशीला ठाऊक होतं, पण ती इतकी खोल असते हे विसरायला झालं होतं.

दिवाळी झाली तशी गिरण बाहेर पडली. एका गावात दोन दिवस, फार तर तीन. इंजिनाचा ठोका ऐकू आला की बाया डोक्यावर भाताच्या पाट्या घेऊन यायच्या, तांदूळ आणि कोंडा घेऊन परत जायच्या. कुणी म्हातारी तांदूळ दातांखाली घेऊन बघायची आणि म्हणायची, मुसळाची चव न्हाय. पण दुसऱ्या दिवशी तीच दोन पाट्या घेऊन हजर. येसाजी इंजिनापाशी, काशी भात ओतायला. आणि निघायच्या वेळी सूप आणि पायली जमिनीवर. "सुपाकडं, पायलीकडं" हे शब्द गावोगावच्या पोरांना पाठ झाले. मोटार मागे यायला लागली की तीच कोरसात ओरडायची, आणि काशीला त्यांना गप्प करावं लागायचं, कारण येसाजीचा गोंधळ व्हायचा. पण तिचा आवाज दहा आवाजांतून त्याला कळायला लागला होता, हेही तिच्या ध्यानात आलं होतं.

माघात ती दोघं टेकवाडीला गेली. नावाप्रमाणेच गाव टेकडावर. दयाराम पाटलाच्या खळ्यात दोन दिवस गिरण चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. खालच्या गावात लग्न होतं, लग्नघरचं भात दुपारच्या आत भरडून द्यायचा शब्द येसाजीने दिला होता. त्यात इंजिन गार करायला, आवरायला उशीर झाला.

खळं एका अंगाने चढतं होतं. गाड्याची मान टेकूवर होती, आणि टेकू चढाच्या बाजूला. काशीने सूप-पायली ठेवली, मोटार मागे घेतली, पहिल्याच खेपेला खुंटा खाचेवर आला. खट्. येसाजी पुढूनच ओरडला, "काढ टेकू!"

काशी टेकू काढायला वाकली आणि तशीच थांबली. रोज गाड्याची मान तबकडीवर पोट टेकून बसायची, म्हशीने गव्हाणीवर मान टाकावी तशी. आज दोन लोखंडांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता. बोटभर जाडीची उजेडाची रेघ.

"बसली न्हाय वाटतं," ती म्हणाली.

"आकडा पडला ना? आवाज आला मला."

"आवाज आला. पन मधून उजेड दिसतोय."

"काशे, उशीर होतोय. काढ टेकू नि ये."

तिने टेकू काढला नाही. ती मोटारीला वळसा घालून पुढे आली आणि मोटारीच्या नाकासमोर उभी राहिली. खळ्यात दयारामच्या घरची सगळी माणसं होती, पाचपन्नास बाया होत्या. येसाजीचं तोंड लाल झालं.

"बाजूला हो."

"न्हाय."

"लोक बघताहेत."

"बघू द्या. खाली विहिरीवर बाया धुनं धुताहेत. रस्ता तिच्याच अंगानं जातो. मी न्हाय जाऊ देनार."

क्षणभर तिला वाटलं, आता हा उतरून आपल्याला हाताला धरून बाजूला करणार. तिने पाय जमिनीत घट्ट रोवले. दयाराम पुढे झाला. वयस्क माणूस, कुणाला न दुखावता बोलणारा. "येसाजीराव, हातभर पुढं वढून तर बघा. टेकू तसाच ऱ्हाऊ दे. बाय एवढी म्हनतेय तर."

काशी बाजूला झाली. येसाजीने मोटार पुढे ओढली, हातभर, फार तर दोन हात. खुंटा आकड्यावरून सरकन बाहेर आला. गाड्याची मान मागच्या मागे निसटली आणि धप्पदिशी टेकूवर आदळली. इंजिनाचं जड चाक कण्हलं. टेकू तिरका झाला, पण उभा राहिला. टेकू नसता तर गाडा तोंडावर पडला असता. आणि उतारावर सुटला असता, तर खाली विहीर होती. एका बाईने तोंडाला पदर लावला.

येसाजी बराच वेळ पुढे बसून राहिला. दोन्ही हात तसेच मोटारीच्या चक्रावर. मग उतरला, मागे आला, तबकडीवरून बोट फिरवलं. खुंटा खाचेच्या वरच्या ओठावर नुसता टेकला होता, आत उतरलाच नव्हता. चढामुळे मान उंच राहिली होती. हे आपल्याला कळायला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. त्याने कमरेचा पंचा काढून हात पुसले, गरज नसताना पुन्हा पुसले.

"टेकू कमी करतो," तो हळूच म्हणाला. "तू परत बघ. तू व्हय म्हनल्याबिगर चालवनार न्हाय."

टेकूखालचे दोन ठोकळे काढले. पुन्हा सुपाकडं, पुन्हा पायलीकडं. खट्. काशी मोटारीखाली जवळजवळ आडवी झाली. लोखंडावर लोखंड बसलं होतं, मधून केसभर उजेड येत नव्हता. "व्हय," ती म्हणाली.

उतार त्याने बैलाच्या चालीने उतरवला. विहिरीवरच्या बायांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा धुणं आपटायला लागल्या. सपाटीला लागल्यावर येसाजी समोरच बघत बोलायला लागला.

"कापडगिरनीत कुनी नुसता हात वर केला ना, तरी मी यंत्र थांबवायचो. का म्हनून इचारायचो न्हाय. आधी थांबवायचो." थोडं अंतर गेलं. "घरच्या मानसानं हात वर केला तवा मात्र थांबलो न्हाय."

"थांबलात की," काशी म्हणाली.

"दयाराम बोलला म्हनून."

"बोलला कुनी का असंना. विहिरीवरच्या बाया घरी जातील, झालं." आणि मग, आपल्याला हे कसं सुचलं याचं तिलाच नवल वाटलं, तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लग्नघर येईपर्यंत काढला नाही. लग्नाचं भात दुपार उलटल्यावर भरडून झालं. कुणी काही म्हणालं नाही.

पावसाळ्यात गिरण गोठ्याशेजारच्या मांडवात उभी होती. आषाढात मुंबईचं पत्र आलं. काशीला वाचता येत नव्हतं, पण पाकिटावरचा छापील शिक्का तिने ओळखला. असली पाकिटं पूर्वी येसाजीच्या खिशात दिसायची. त्याने ओटीवर बसून पत्र दोनदा वाचलं आणि सदऱ्यात ठेवलं. जेवताना मनुबाईला एवढंच बोलला, की जुन्या खात्यात परत बोलावताहेत, या वेळी हाताखाली माणसं देणार म्हणून.

"चांगलंच हाय," मनुबाई म्हणाली आणि ताटातला भात चिवडत राहिली.

चौथ्या दिवशी काशीने माळ्यावरची त्याची पत्र्याची पेटी खाली काढली. पुसली, आतला कसर लागलेला कागद बदलला, दोन धोतरं घडी करून ठेवली. येसाजी मांडवातून ओले हात घेऊन आला.

"पेटी कुठं चाललीय?"

"पेटी कशाला जाईल? तुमी चाललाय ना."

"कुनी सांगितलं?"

"पत्रानं."

तो उंबऱ्यावर बसला. बाहेर पाऊस सारखा ओतत होता. "पत्राला जवाब कवाच गेला. परवा पोयनाडला गेलो तवा टाकला."

काशीने धोतराची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "काय लिवलं?"

"लिवलं, येनं होनार न्हाय."

"एवढंच?"

येसाजी घुटमळला. गाल खाजवला. "खात्याच्या सायबाला काय समजनार, म्हनून एवढंच लिवलं. पन मनात आलं ते असं की, तिकडं कितीही मानसं हाताखाली दिली, तरी मागं उभं ऱ्हाऊन उजेड बघनारं मानूस तिकडं कुठून आनू?"

आतून मनुबाईचा आवाज आला, "काशे, भात करपतोय!" भात करपत नव्हता, चूल तर विझायला आली होती. काशी उठून आत गेली तेव्हा सासू फुंकणीने निखारे फुंकत होती, आणि धुराने की कशाने, दोघींचेही डोळे भरले होते.

संध्याकाळी येसाजीने पेटीतली धोतरं दांडीवर टाकली आणि पेटी मांडवात नेली. पाने, हातोडी, ग्रीसचा डबा आणि जादा आकडा तिच्यात नीट लावून ठेवला. झाकण लागेना, तेव्हा काशी झाकणावर बसली आणि त्याने कडी घातली.