वाढत्या अंगाचा पायजमा

ढब्बू रडायला लागला तेव्हा मी सासूबाईंना दोष दिला. मनातल्या मनात हं. पाजायचं काम माझं, ढेकर काढायचं त्यांचं. त्यांच्या मनातही माझ्याबद्दल काहीतरी असणारच, कारण त्या म्हणाल्या, "काल काय अरबट-चरबट खाल्लंस गं?"

ढब्बू म्हणजे माझा लेक. अजून पालथाही पडत नाही, पण स्वभावाने हसरा. आज मात्र खांद्यावर घेऊन फिरवलं, खुळखुळा वाजवला, पोट शेकलं, सगळं करून झालं. रडून रडून पोराचा आवाज बसला.

"लंगोट बघितलास?"

"कोरडा आहे, आई."

"अगं, नीट काढून बघ."

मी चिडून पायजमा खाली ओढला. तो एका पावलाशी अडकला आणि ढब्बूने टाहो फोडला.

पायजमा सासूबाईंनीच शिवलेला. त्यांच्या जुन्या मशीनवर अख्ख्या घराचे कपडे झाले, पण ताणल्या जाणाऱ्या कापडाची कड त्यावर शिवली की ओढल्यावर दोरा तटकन तुटायचा. म्हणून यंदा त्यांनी हट्टाने कव्हर स्टिच मशीन आणलं. वरून दोन सरळ ओळी, आतून दोऱ्यांची जाळी, कड कितीही ताणा. बाकी त्या मशीनला काही येत नाही. मी त्याला जुन्या मशीनची सवत म्हणायचे. सासूबाई हसायच्या आणि नातवाला पायजमे शिवत सुटायच्या, तेही वाढत्या अंगाचे. ढब्बूची पावलं कधी बाहेर दिसायचीच नाहीत.

मी कड हळूच उलटली. अंगठ्याशेजारचं बोट टपोऱ्या द्राक्षासारखं काळंनिळं झालं होतं. जाळीतून सुटलेला एक दोरा त्याला वेढे घालून रुतला होता. ढब्बू लाथा झाडत होता आणि दोरा आवळत होता. आणि आम्ही खुळखुळा वाजवत होतो.

"आई, बोट!" एवढंच माझ्या तोंडून फुटलं. मी कात्री उचलली.

"कात्री नको! कुठे घालशील? मधे जागा आहे का?"

"मग काय बघत बसू? तुमच्या त्या सवतीनं माझ्या पोराचं बोट..."

त्यांनी कड बोटांनी चाचपली. शिवण जिथे संपली होती तिथलं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सर्रकन सगळी कड उसवत गेली. ताणलेला दोरा सैल पडला. मग सुई उलटी धरून, नेढ्याच्या बाजूने, त्यांनी एकेक वेढा उचलून काढला. मी ढब्बूचा पाय धरून होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून बघितलं. हळूहळू त्यात रंग येत होता. "वेळेवर सुटलं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर बोट काढावं लागलं असतं."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "या मशीनला उलटं शिवून टोक पक्कं करता येत नाही. दोरा आत ओढून हाताने गाठ मारायची असते. विसरले मी." मग त्यांनी ढब्बूचे सगळे पायजमे काढले, एकेकाचं टोक शोधून ओढलं आणि सगळ्या कडा उसवून टाकल्या. मशीनवर चादर टाकली. ढब्बू त्यांच्याकडे बघून हुंकार देत होता, तरी त्याला घेतलं नाही. "तूच घे. माझे हात नकोत."

मी 'असं कसं' म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, संताप होताच. रात्रभर मी ते बोट चाचपत राहिले आणि दर वेळी मला त्यांनी उलटी धरलेली सुई आठवत राहिली.

सकाळी मी ढब्बूला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं, वर तो पायजमा टाकला. "हा पुन्हा शिवा. जाळी बाहेरच्या बाजूला येऊ द्या, आत एक दोरा नको. आणि आखूड करा. मला त्याची पावलं दिसली पाहिजेत."

"उलटा घातल्यासारखा दिसेल गं."

"दिसू दे, आई."

त्यांनी ते पाऊल ओंजळीत घेतलं. एकेक बोट चाचपलं. त्या बोटाशी आल्या आणि कालपासून पहिल्यांदा रडल्या.