सव्वातीन किलो

मित्रांनो, मी बाळांची वजनं करणारा एक जुना काटा आहे. माझ्या पारड्यात निजलेली बाळं आता दाढ्या करतात, नोकऱ्या करतात, एकमेकांशी भांडतातही. त्यांपैकी एकालाही मी आठवत नसेन. त्यात त्यांचा दोष नाही. माझ्याकडे आली तेव्हा त्यांचं वय तासाभराचं होतं.

माझा जन्म काटे बनवणाऱ्या एका कारागिराच्या कारखान्यात झाला. लोखंडी बूड, पोटात स्प्रिंग, कपाळावर तबकडी आणि डोक्यावर पांढरा मुलामा दिलेलं खोलगट पारडं. कारागिराने मला सात वेळा तपासलं. सातव्यांदा सुई नेमक्या आकड्यावर थांबली, तेव्हा तो म्हणाला, "जा आता. पोरांच्या बाबतीत हयगय नको."

मला एका सुईणीने विकत घेतलं. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. वस्तीत दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे एकेक प्रार्थनाघर होतं, पण देवाला हाक मारायची रीत वेगळी. मावशी वरच्या आळीतली. बाळंतपणं मात्र ती दोन्हीकडची करायची. बोलावणं आलं की मला फडक्यात गुंडाळून कडेवर घ्यायची आणि वाटभर कुरकुरायची, "जड आहे मेला!" मला ते लाडाचं वाटायचं.

बाळाला पारडं गार लागू नये म्हणून ती आधी तळवे घासून त्यावर फिरवायची. मग बाळाला ठेवायची आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणायची, "आलास बाबा? बरं झालं." मुलगी असली तर, "आलीस बाई? बरं झालं." एवढंच. बाळाचा कान माझ्यापासून वीतभरही लांब नसे, म्हणून मला ते ऐकू यायचं. इतरांना फक्त तिचे हलणारे ओठ दिसायचे.

रोज सकाळी ती डोळे मिटून प्रार्थनेला बसायची आणि दार वाजलं की अर्ध्यावर उठायची. एकदा तिची बहीण रागावली, "अगं, प्रार्थना तरी पुरी कर!" चपला पायात सरकवत मावशी म्हणाली, "देव थांबतो गं. बाळ नाही थांबत."

खालच्या आळीतला शिंपी तिला ताई म्हणायचा. त्याची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. एक किलो नऊशे. तिला सगळे चिमणीच म्हणू लागले. मावशी महिनाभर रोज मला घेऊन त्याच्या घरी जायची. सुई दोन किलोच्या पुढे सरकली, त्या दिवशी शिंपी गळ्यात फीत तशीच ठेवून अंगणात नाचला. मग त्याने उरलेल्या मऊ कापडातून माझ्या पारड्यासाठी छोटी गादी शिवली.

"तुझ्या गिऱ्हाइकांना टोचायला नको, ताई."

"माझी गिऱ्हाइकं कुठं तक्रार करतात? रडतात फक्त," मावशी म्हणाली.

वर्षं गेली. चिमणीचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. पण तोवर वस्तीची हवा बदलली होती. खालच्या आळीत एक वजनदार माणूस भाषणं द्यायला येऊ लागला होता. लोक त्याला वजनदार म्हणायचे. माझ्यासमोर तो कधी आला नाही, म्हणून खरंखोटं मला ठाऊक नाही. आपला धर्म धोक्यात आहे, असं तो सांगायचा. वरच्या आळीतही तेच सांगणारा दुसरा कुणी होता. शेजारीण मावशीला म्हणाली, "त्यांच्या घरी कशाला जातेस? त्यांचं काहीतरी चिकटेल."

"तीस वर्षं जातेय. बाळांच्या शीशिवाय अजून काही चिकटलं नाही," मावशी म्हणाली.

मग खालच्या आळीत कुणीतरी अफवा उठवली की ती बाळांच्या कानात आपली प्रार्थना म्हणते. बाळ पहिल्याच तासात बाटतं. ही गोष्ट घरोघर फिरली, पण तिच्या दाराशी येऊन कुणी विचारलं नाही. खरं काय ते मला माहीत होतं. पण मला सुई आहे, जीभ नाही.

एके दिवशी वस्तीत बंद होता. दुपारी मावशी जेवत असताना शिंप्याची बायको धापा टाकत आली. "ताई, चिमणी सकाळपासून कळा देतेय. बाळ पुढे सरकत नाही. दवाखान्यात न्यायला गाडी मिळत नाही." मावशीने ताट बाजूला सारलं आणि मला उचललं.

खालच्या आळीच्या तोंडाशी सहा-सात तरुण काठ्या घेऊन उभे होते. तिघांना मी ओळखलं. अडीच किलो, तीन किलो शंभर, दोन किलो आठशे.

"मावशी, मागे फिरा."

"अरे, पोरगी अडलीय. बाजूला व्हा."

"आमच्या बायकांचं आम्ही बघू. कानात मंत्र घालायला कुणी नको."

"तुझ्याही कानात बोललेय मी. तू कुठं बाटलास?"

तो गोंधळला. पण मागून कुणीतरी ओरडलं, आणि एकाने मावशीला ढकललं. मी रस्त्यावर पडलो. माझ्या पारड्याच्या कडेचा मुलामा तिथेच उडाला. शिंप्याची बायको एकेकाच्या पाया पडत होती. मावशीने हात जोडले. "असं करा, माझं तोंड बांधा. घट्ट बांधा. हात तेवढे मोकळे राहू द्या."

कुणी हललं नाही. शिंप्याच्या बायकोला त्यांनी आत जाऊ दिलं. मावशी बराच वेळ तिथेच उभी राहिली, मग मला उचलून घरी आली.

दिवस मावळायच्या सुमारास शिंपी आला. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याला बघून ते तरुण बाजूला झाले होते. मावशीला जी वाट मिळाली नाही, ती त्या गाठोड्याला मिळाली.

"चिमणी वाचली," तो म्हणाला. "हा नाही वाचला." मग गाठोडं पुढे करत म्हणाला, "ताई, याचं वजन कुणी केलंच नाही. तू कर ना."

मावशीने सवयीने तळवे घासून माझ्यावर फिरवले आणि बाळाला ठेवलं. मित्रांनो, जिवंत बाळाचं वजन करताना सुई कधी एका जागी राहत नाही. बाळ हातपाय झाडतं, सुई नाचते, वाट बघावी लागते. त्या दिवशी सुई एकदाच हलली आणि थांबली.

"सव्वातीन किलो," मावशी म्हणाली. "चांगलं भरलेलं होतं रे, दादा."

शिंपी भिंतीला टेकून खाली बसला. "आळीतले लोक मला म्हणाले, त्या सुईणीला घरात घेतलंस तर तुला प्रार्थनाघर बंद. मी गप्प बसलो, ताई. पोरगी आत ओरडत होती आणि मी बाहेर देवाचं नाव घेत होतो."

मावशी त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

पुढच्या प्रार्थनेच्या वेळी शिंपी आपल्या प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभा राहिला. "सव्वातीन किलो होतं," तो म्हणाला. "एवढ्याशा जिवाचा भार आपल्या धर्माला का झाला, तेवढं मला कुणीतरी सांगा." काही जण खाली मान घालून आपल्या चपला शोधू लागले.

मावशीने नंतर एकही बाळंतपण केलं नाही. वर्षभराने ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिने माझ्या पारड्यावरून हात फिरवला आणि मला भंगारवाल्याच्या हाती दिलं. आता माझ्यावर खिळे, बिजागऱ्या आणि रद्दी मोजतात. त्या वजनदार माणसाच्या भाषणांची पत्रकंही एकदा आली. अकरा किलो भरली.

मित्रांनो, धर्मातलं मला फार कळत नाही. पण अडलेल्या माणसाच्या दारापर्यंत आपल्याला नेऊन पोचवणं, हे धर्माचं काम असावं असं मला वाटतं. उद्या तुम्हालाही कुणी सांगेल, की अमक्या घरातली माणसं वाईट आहेत, ती आपल्या देवाच्या वाईटावर आहेत. सांगणाऱ्याला विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" मग त्या घराचं दार वाजवा. आत जाऊन बसा, पाणी मागा, बोला. पण उशीर करू नका. मावशीच्या घरापासून शिंप्याच्या घरापर्यंत चालत जायला चारच मिनिटं लागायची.