टेकाडावरून उतरलेला तंबू

मित्रांनो, माझ्या अंगावर ठिगळं आहेत म्हणून मी एखादा प्रेमळ म्हातारा असेन, असं समजू नका. मी लष्करातून बाद झालेला तंबू आहे. माणसं मी आतून पाहिली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांविषयी मला काडीचाही आदर उरलेला नाही.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात जाड कॅनव्हासचा मी शिवला गेलो आणि नगरच्या छावणीत बरीच वर्षं उभा राहिलो. तिथे जवान मला शिव्या देत, पण माझ्यासमोर गोडगोड खोटं कोणी बोलत नसे. ते ऐकायला मिळालं लिलावानंतर. मला शहरातल्या एका सेवा मंडळानं विकत घेतलं. त्याचे अध्यक्ष होते काकासाहेब. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर करुणेची आठी. छायाचित्रकार दिसला की ती आठी आणखी खोल जाई.

हे मंडळ अपंगांचा एक आश्रम चालवत असे. आश्रमातली माणसं वर्षानुवर्षं कुंपणाच्या आतच राहत. सणावाराला पाहुणे येत, केळी वाटत, डोळे पुसत आणि जेवायला घरी जात. तिथे फिलोमिनाबाई शिवण शिकवायच्या. लहानपणी पोलिओनं त्यांचे पाय गेले होते. चाकांची खुर्ची त्या स्वतःच्या हातांनी चालवत आणि मागून कोणी ढकलू लागलं की चिडत.

एकाहत्तर सालच्या आरंभी त्यांनीच काकासाहेबांना सांगितलं, “सगळं नगर भंडारदऱ्याला सहलीला जातं. आम्हीही जाणार. तंबूत राहणार.”

काकासाहेबांना कल्पना आवडली. वर्तमानपत्रात छान दिसली असती ना!

बाईंनी सगळं आखलं होतं. तंबू नदीकाठच्या सपाट जागेवर हवा. दार खुर्ची जाईल एवढं रुंद हवं. मुक्ताबाईंना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी तंबूपासून चुलीपर्यंत दोरी बांधायला हवी. आणि शौचासाठी मधोमध भोक पाडलेली एक भक्कम खुर्ची हवी. काकासाहेब प्रत्येक गोष्टीला “हो बाई, हो बाई” म्हणाले. ते ऐकत नव्हते. अशी माणसं ऐकत नाहीत, नुसती मान हलवतात.

ठरलेल्या सकाळी आम्ही भंडारदऱ्याला पोहोचलो. काकासाहेबांच्या गड्यांनी मला कुठे उभं केलं असेल? एका टेकाडाच्या माथ्यावर! छायाचित्रात मागे धरण दिसलं असतं, म्हणून. चढ खडकाळ होता. शौचाची खुर्ची आणलीच नव्हती. ट्रकमध्ये तिच्या जागी पाहुण्यांसाठी सोफा आला होता.

फिलोमिनाबाई टेकाडाच्या पायथ्याशी खुर्ची थांबवून बसल्या.

“काळजी नको, बाई,” काकासाहेब म्हणाले. “चार गडी आहेत, अलगद उचलून नेतील.”

“नेतील. आणि रात्री लघवीला जायचं झालं तर कोणाला हाक मारू? तुम्हाला?”

काकासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांना प्रश्नाची नाही, प्रश्न कोणी ऐकला याची फिकीर होती.

आश्रमात राहणाऱ्यांत गहिनीनाथ नावाचा एक माजी जवान होता, खर्ड्याकडचा. पासष्टच्या लढाईत त्याचा एक पाय गेला होता. तो कुबड्या टेकत पुढे आला. “तंबू खाली आना, साहेब.”

“आता? पाहुणे येण्याची वेळ झाली!”

“मग आमीच आनतो.”

तो चढू लागला. ज्यांचे हात धड होते असे आणखी काही जण बसून, सरपटत त्याच्या मागे निघाले. काकासाहेबांचा आवाज चिरकला. “तंबूला हात लावलात तर ट्रक घेऊन परत जाईन! मग बसा इथेच जंगलात!”

गहिनीनाथ थबकला. त्यानं खाली बाईंकडे पाहिलं. बाई सगळ्यांच्या वतीनं एकट्या ठरवायला तयार नव्हत्या. त्यांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, “मुक्ताबाई, काय करायचं?”

मुक्ताबाई मान वाकडी करून काहीतरी ऐकत होत्या. “खाली पानी वाजतंय,” त्या म्हणाल्या. “माहेर सुटल्यापून नदी ऐकली न्हवती मी. मी काय आता माघारी जात न्हाई.”

माझ्या मेखा उपटल्या गेल्या. मी गडगडत, खडकांवर फाटत खाली आलो. नदीकाठी त्यांनी मला पुन्हा उभं केलं, बसल्या बसल्या मेखा ठोकून, दातांत दोर धरून. मी वाकडाच उभा राहिलो. मग बाईंनी शिवणाची कात्री घेतली आणि माझं दार कापून रुंद केलं. दुखलं. पण इतक्या वर्षांत माझ्यावर चाललेली ती पहिली शहाणी कात्री होती.

पाहुणे आले, ते टेकाडावर. तिथे सोफा होता आणि काकासाहेब होते.

“शिबिरार्थी कुठे आहेत?” पाहुण्यांनी विचारलं.

“विश्रांती घेताहेत बिचारे,” काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या माळापुढे सेवेवर भाषण ठोकलं. खाली मुक्ताबाई पाण्यात पाय सोडून हसत होत्या.

संध्याकाळी ट्रक खरंच गेला, आचारी आणि सोफा घेऊन. हे लोक रडत मागे येतील असं काकासाहेबांना वाटलं असावं. कोणी वळूनही पाहिलं नाही. गहिनीनाथनं खड्डा खणला, दोन्ही बाजूंना दगड रचून बैठक केली आणि भोवती चादरी बांधल्या. मुक्ताबाई दोरी धरून चुलीपाशी गेल्या आणि त्यांनी पिठलं केलं. थंडी कडाक्याची होती. सगळे कुडकुडले, भांडले, एकमेकांची पांघरुणं ओढत झोपले, आणि ठरलेले सगळे दिवस राहिले. परतताना एसटीचा कंडक्टर कुरकुरला, “एवढं सामान कुठं टाकू?”

“खुर्ची आणि तंबू टपावर,” बाई म्हणाल्या. “मी आत बसेन.”

वर्तमानपत्रात काकासाहेबांचं छायाचित्र आलं, ‘अपंगांचे शिबिर यशस्वी’. मला मंडळाच्या केडगावच्या गोदामात ओला असतानाच कोंबलं, तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. पण खोटं बोलणाऱ्याची एक पंचाईत असते. पुढच्या हिवाळ्यात तेच पाहुणे विचारू लागले, “यंदाचं शिबिर कधी?” काकासाहेबांना नाही म्हणता येईना.

फिलोमिनाबाई सुईदोरा घेऊन गोदामात आल्या. त्या मला ठिगळं लावत असताना काकासाहेब दारात घुटमळले. “अध्यक्ष म्हणून मी यायला हवं ना?”

“या की,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “भांडी घासायला एक माणूस कमीच आहे.”

ते आले नाहीत. त्या वर्षी शिबिर फारच छान झालं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर ओला असताना माझी घडी घालू नका, मी कुजतो. आणि कोणासाठी काही करायला निघालात, तर त्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारा. विचारताना जीभ जड होत असेल तर खुशाल घरी राहा. तुमच्यावाचून कोणाचं काही अडत नाही.