भिंतीतली पोकळी

१९६७ साल. आमच्या बंदरगावच्या इस्पितळात कर्करोगावर किरण द्यायची कोबाल्टची खोली बांधत होते आणि मी बाहेरून साच्याच्या फळ्यांवर लाकडी हातोडी मारत होते. आत काँक्रीट पडत असताना आम्हा बायकांचं ते काम. भरलेली जागा जड बोलते, रिकामी टणकन वाजते. भिंत साडेतीन फूट जाड, खडीऐवजी लोखंडाचे दगड. किरण तिथंच अडायचे.

कोपऱ्यापाशी, कमरेच्या उंचीवर, टणकन वाजलं.

"मुकादम, इथं भरलं नाही!"

काडोवाकी मुकादम वरून ओरडले, "फुसाए, मार पुढं!"

"बांबू खुपसा की जरा."

"खुपसला. अजून ढवळलं तर दगड तळाला बसतील, वर नुसता चिखल. आणि थांबलो तर खालचा थर सुकून सांधा पडेल!"

खरंच होतं ते. मी तरी परत तिथंच मारलं.

"अगं, किती दार वाजवशील?" शेजारची बाई हसली. "घरात कुणी नाही!"

त्या भिंतीपलीकडे यंत्राची बटणं दाबायला माझी धाकटी बहीण सुमिए बसणार होती.

साचे निघाले. भिंत तोफूसारखी गुळगुळीत. सुमिएनं तळवा टेकवला. "ताई, काय छान झालीय गं!"

नवरा समुद्रात बुडाला तेव्हा मला कामावर घेणारे एकटे काडोवाकीच होते. तीन दिवस मी इस्पितळाभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी तपासणीच्या इंजिनिअरला भिंतीवर त्या जागी खडूनं गोल काढून दिला.

हातभर आत गेल्यावर ड्रिल एकदम पुढं धसलं. भाताचा वाडगा मावेल एवढी पोकळी होती.

मुकादमांनी हेल्मेट काढलं आणि सुमिएपुढे कमरेत वाकले. मग माझ्याकडे वळले.

"आधी माझ्याकडे यायचं होतंस."

"काँक्रीट पडत होतं तेव्हाच आले होते," मी म्हटलं.

त्यांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

भोक पुन्हा भरलं, वर शिशाचा पत्रा बसवला. सुमिए त्या भिंतीआड सव्वीस वर्षं बसली. छातीवरच्या, किरण मोजायच्या बिल्ल्यातली फिल्म कधी काळवंडली नाही. आता ती लेकीकडे असते, नातवंडांवर ओरडते. मला पुन्हा कुणी बांधकामावर बोलावलं नाही. मासळीच्या कारखान्यात हात झिजवले. काडोवाकी काम सोडून बायकोच्या गावी गेले. दर नववर्षाला त्यांचं कार्ड येई. मजकूर नसे, फक्त नाव.

अकराव्या वर्षी कार्डावर अक्षर आणि नाव, दोन्ही त्यांच्या बायकोचं होतं.