शीळ ऐकणारा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. कोरियातल्या जेजू बेटावरच्या एका छपरावर वेलाला लागलो, पण मला कोणी शिजवले नाही. मालजा नावाच्या पाणबुड्या बाईने मला पोखरले, चुलीवरच्या धुरात वाळवले, भोक बुजवले आणि माझ्याखाली जाळी बांधली. तेव्हापासून समुद्र हेच माझे घर झाले.

मालजा श्वास रोखून तळाशी जाई, खडकाला चिकटलेले शिंपले छोट्या पहारीने उचकटी आणि वर येऊन मला कवटाळी. मग कोंडलेला श्वास बारीक शीळ घालत सोडी. तिथल्या सगळ्याच पाणबुड्या बाया तसे करतात. शीळ ऐकू आली की बाई जिवंत आहे, हे इतरांना कळते.

"तुझा भोपळा नवऱ्यापेक्षा इमानी," असे त्या मालजाला चिडवत.

"बोलत नाही, एवढं तरी सुख," ती म्हणे.

एका हिवाळ्यात ती खाली गेली. वारा फार होता. माझ्याभोवती इतर बायांच्या शिळा वाजत होत्या, तिची वाजली नाही. प्रत्येकीला वाटले, दुसरीने ऐकली असेल. मी एकटाच तरंगताना दिसलो, तेव्हा उशीर झाला होता.

मला स्वयंपाकघरात टांगले. इतर बायांकडे थर्माकोलचे तरंगे आले होते. माझ्यावर काजळी चढली. मग एक दिवस मालजाच्या मुलीने, हेरानने, मला पुसून पाण्यात नेले.

भीती तिला पाण्यात गाठेल असे मला वाटत होते. पण भीती घरीच आली. भात वाढताना हेरानचा हात थांबला. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ पांढरे पडले. काही घडले नव्हते, कोणी आले नव्हते. पुढे ती भीती वरचेवर येऊ लागली. शहरातल्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांनी झापड येई, आणि झापड असलेल्या बाईला पाणबुड्या बायांचे पथक पाण्यात उतरू देत नाही. म्हणून तिने गोळ्या घेणे सोडले.

किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी पथकाच्या म्होरक्या बोकसुन मावशींनी तिला विचारले, "ते आलं की काय करतेस गं?"

"श्वास धरून ठेवते, मावशी. आई म्हणायची, घाबरलीस तर श्वास धर."

"ते तळाशी असताना. चुलीपुढे बसून कोण बुडतं? भरल्या घड्यात आणखी काय ओतशील? आधी सोड. शीळ वाजेपर्यंत सोड. आत यायचं ते आपसूक येतं."

"आमच्या कानांची काळजी करू नकोस," दुसरी म्हणाली. "तुझ्या आईची शीळ म्हणजे फुटकी किटली होती."

हेरान हसली. घरी, माझ्यावर तळवा ठेवून, ती श्वास सोडायला शिकू लागली. कधी भीती ओसरे. कधी नुसतीच मागे सरून बसे.

मग तो दिवस आला. पाणी शाईसारखे झाले होते, धुके उतरत होते. तळाशी तिला मोठा शिंपला दिसला, पहार त्यात अडकली, आणि तिथेच भीतीने तिला गाठले. हे तिने नंतर सांगितले. ती वर आली तेव्हा मला फक्त तिची घट्ट रुतलेली बोटे कळली. तिने शिंपला सोडला होता, पहारही. तोंड उघडे होते, पण शीळ येत नव्हती.

आसपासच्या शिळा एकेक करून थांबल्या. सगळ्या बाया ऐकत होत्या.

बोकसुन मावशी पोहत आल्या. "घाबरू नकोस" असे त्या म्हणाल्या नाहीत. माझ्यावर हेरानच्या हाताशेजारी हात ठेवून त्यांनी लांब शीळ घातली. पुन्हा घातली. मग हेरानच्या छातीतून काहीतरी खरवडत वर आले आणि वेडेवाकडे वाजले.

"किटलीच," धुक्यातून कोणीतरी म्हणाले.

मित्रांनो, भीती गेली असे मी सांगणार नाही. ती उद्याही येईल, आणि माझी साल आता तडकू लागली आहे. म्हणून तुम्हाला विनवतो. जवळच्या कोणाचा श्वास असा अडकला, तर 'काही झालेले नाही' म्हणून उठून जाऊ नका. माझ्यासारखे त्या माणसाच्या हाताखाली थांबा. आणि दुसऱ्या कोणी ऐकले असेल, असे समजू नका.